चार पॉइंट दोन

आमच्या घरात जेवणाआधी श्लोक नव्हता, भांडण होतं. ताट वाढून झालं की अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्याकडे एकदा नीट बघायचे. फुलके, भात, वरण, भाजी, वरचं तूप, सगळं नजरेनं तोलायचे आणि आकडा सांगायचे. "दोन हजार शंभर." म्हणजे या ताटात दोन हजार शंभर किलोज्यूल ऊर्जा आहे. आई तव्यावरचा फुलका उलटता उलटता म्हणायची, "पाचशे." म्हणजे पाचशे किलोकॅलरी. मग अण्णांची मान वर व्हायची. "पाचशे दोन! दोन कुठे गेल्या?" आई म्हणायची, "चार पॉइंट दोननं भागलं. ताटाला एवढं पुरे." अण्णा म्हणायचे, "एक कॅलरी म्हणजे चार पॉइंट एक आठ चार ज्यूल. चिमूटभर साखर गिळलीस तू माझी." एवढं झालं की ते पहिला घास घ्यायचे. हे रोज. पाहुणे असले तरी. मला बघायला आलेल्या मंडळींसमोरसुद्धा हे झालं, आणि तरीही माझं लग्न जमलं याचं मला अजून नवल वाटतं.

अण्णा एका सरकारी कारखान्याच्या संशोधन विभागात होते. त्यांचं आयुष्य बॅटऱ्यांत गेलं. आई कॉलेजात जीवरसायन शिकवायची. लग्नानंतर दोघं कानडी मुलखात, मल्लेश्वरमला आले आणि इथलेच झाले. भाजीवालीशी कानडी, कामावर इंग्रजी आणि भांडायला मराठी, अशी वाटणी होती. भांडणाचा विषय मात्र एकच, ऊर्जा कशात मोजायची. अण्णांच्या मते व्होल्ट आणि कूलंब एवढंच खरं. "व्होल्ट म्हणजे उंची," ते मला लहानपणी सांगायचे, "आणि कूलंब म्हणजे पाणी. किती पाणी किती उंचीवरून पडलं, ते झाले ज्यूल. संपलं." बाकी सगळी एककं त्यांना आगंतुक वाटायची. कॅलरीवर तर त्यांचा विशेष राग. पाणी तापवायच्या मापानं विजेचा हिशेब कोण करतं, असं ते तावातावानं विचारायचे.

आई ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. पेशीच्या आत ऊर्जेची देवाणघेवाण ज्या रेणूतून होते, त्याच्या एका मोलमधला शेवटचा बंध सुटला की सात पॉइंट तीन मिळतात, किलोकॅलरी, हे तिचं पालुपद. "साडेतीस किलोज्यूल," अण्णा लगेच दुरुस्त करायचे. "पेशीला व्होल्ट कळत नाहीत," असं ती म्हणाली की ते खूश व्हायचे, कारण त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं. पेशीतल्या त्या इवल्याशा भट्टीच्या पडद्यावर दीडशे मिलिव्होल्टच्या वर दाब असतो, त्यावरच तुझी सात पॉइंट तीन तयार होते. साखरेतले इलेक्ट्रॉन श्वासातल्या प्राणवायूवर जाऊन पडतात, ती उंची सव्वा व्होल्ट. "माणूस म्हणजे सव्वा व्होल्टाचा सेल," ते म्हणायचे. यावर आई कोशिंबीर वाढायची.

मला यातलं काही नको होतं. मी शिकायला कॉम्प्युटर घेतला, मारतहळ्ळीच्या बाजूला नोकरी धरली, तिथेच फ्लॅट घेतला. आईवडिलांच्या घरी रविवारी जायचं, तो आकड्यांचा तमाशा बघायचा, जेवायचं आणि रिंगरोडच्या ट्रॅफिकला शिव्या देत परत यायचं. आपल्या आईला साधा भागाकार नीट जमत नाही आणि वडिलांना तो सोडवत नाही, असं माझं मत होतं. मी ते नवऱ्याला हसत हसत सांगायचे.

आई गेली ती अचानक. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, दुपारी सगळं संपलं. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, त्यामुळे मला काही लक्षात आलं नाही. अण्णांना कुणी ना कुणी भरवत होतं, ते गिळत होते. माणसं पांगली, आणि मी रजा टाकून तिथे राहिले, तेव्हा पहिल्यांदा ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी ताटाकडे बघितलं. "दोन हजार शंभर," म्हणाले. आणि टेबलाच्या स्वयंपाकघराकडच्या बाजूला आईची खुर्ची होती, तिच्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "जेवा ना अण्णा." ते जेवले नाहीत. ते वाट बघत होते. चेहऱ्यावर दुःखबिःख काही नव्हतं. दारात रिक्षा उभी असावी आणि आतून कुणी यायचं असावं, तसे शांत बसले होते. वरणावर साय धरली. मी ताट उचललं, गरम करून आणलं. त्यांनी पुन्हा आकडा सांगितला, पुन्हा खुर्चीकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की त्यांचं डोकं आई असतानाच निसटायला लागलं होतं आणि तिनं ते आमच्यापासून झाकून ठेवलं होतं. फोनवर ती म्हणायची, ठीक आहेत, जेवले. जेवले हा शब्द ती नेहमी वापरायची.

ती गेलीय हे त्यांना माहीत नव्हतं असं मात्र नाही. विचारलं तर सांगायचे, "ती गेली ना." सकाळी फोटोला फूलही वाहायचे. पण ताट समोर आलं की तेवढ्यापुरती ती असायची, आणि उत्तर द्यायची राहिलेली असायची.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आमच्या घरात तो कुणाचाच नव्हता. तरी सांगते, त्या घरात दुपारी एक वाजता माझ्या अंगावर काटा यायचा. आकडा बोलला जायचा आणि उत्तर यायचं नाही, आणि तो न आलेला शब्द खोलीत राहायचा. बोळातल्या यूपीएसची घरघर ऐकू यायची. मीसुद्धा नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले. ओट्याशी मी एकटी असले तरी पाठीमागे कुणीतरी भागाकार करतंय असं वाटायचं. स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का त्या खुर्चीला हातसुद्धा लावत नसत. झाडताना तिच्या भोवतीनं झाडायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "अक्का, सरकवा की ती." त्या हळूच म्हणाल्या, "अम्मा इल्ले इद्दारे." अम्मा इथेच आहेत. मी त्यांच्यावर ओरडले. मग खुर्ची मीही सरकवली नाही.

उपाय सगळे करून झाले. रागावले. विनवण्या केल्या. अक्का "स्वल्प ऊटा माडी, सर" म्हणत, थोडं जेवा म्हणून मागे लागायच्या, तेव्हा त्यांच्या भिडेखातर ते दोन घास घ्यायचे. दूध प्यायचे, केळं खायचे, उभ्याउभ्या कुणी हातात दिलं तर बिस्किट खायचे. पण ताटावर बसले की थांबायचे. ताट न देता वाडग्यात दिलं, तर वाडग्याचाही आकडा सांगितला. टेबलाऐवजी पलंगावर दिलं, तर उठून टेबलाशी येऊन बसले. मनगटावरचं घड्याळ फिरून आतल्या बाजूला यायला लागलं. गळ्याची हाडं दिसायला लागली. नवरा शनिवारी आला आणि त्यांना बघून बाहेर जाऊन उभा राहिला.

उत्तरच हवंय ना, मग देऊ, असं मी ठरवलं. फोन हातात घेऊन बसले. "दोन हजार शंभर," अण्णा म्हणाले. मी फोनवर भागलं, चार पॉइंट एक आठ चारनं, अगदी त्यांच्या पद्धतीनं. "पाचशे दोन," मी म्हटलं, आणि मला वाटलं, जिंकले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. चुकून दुसऱ्याचा फोन उचलणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. "बरोबर," ते सौजन्यानं म्हणाले, हात मांडीवर घेतला आणि पुन्हा खुर्चीकडे बघायला लागले. मी सगळे आकडे बरोबर देत गेले. प्रत्येक वेळी "बरोबर" आणि प्रत्येक वेळी हात मांडीवर. मला इतका संताप आला की मी एकदा ताट सिंकमध्ये आपटलं. अण्णा दचकलेसुद्धा नाहीत.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. वजन बघून त्यानं मान हलवली. आणखी थोडं घसरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाला. नळीतून दिवसाला पंधराशे कॅलरी देता येतील. नळी ओढू नये म्हणून अशा पेशंटांचे हात कधी कधी बांधून ठेवावे लागतात, हेही त्यानं सांगितलं, हळू आवाजात. अण्णा बाजूलाच बसले होते. "पंधराशे किलोकॅलरी," ते म्हणाले. "सहा हजार दोनशे शहात्तर किलोज्यूल." डॉक्टर हसला. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. आयुष्यभर इलेक्ट्रोड घासून बोटांच्या टोकांना कायमचा काळपटपणा आलेले ते हात. ते कुणी पलंगाला बांधलेले मला बघवणार नव्हते. पुढच्या तपासणीपर्यंत मला त्यांना जेवायला घालायचं होतं. कसं, ते माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात आईची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती आता बसवनगुडीत एका कॉलेजात तोच विषय शिकवते. आमच्यासारखंच इकडे आलेलं मराठी कुटुंब, पण पिढ्यांपूर्वी, त्यामुळे तिची मराठी आमच्यापेक्षाही इथली. अण्णा आत झोपले होते. आम्ही पुढच्या खोलीत कॉफी घेत बसलो.

"मॅडम म्हणजे भारी कडक हं, अक्का," ती मला म्हणाली; इथे ताईलाही अक्काच म्हणतात. "एककांच्या बाबतीत तर विचारूच नका. कॅलरीचे ज्यूल करताना कुणी चार पॉइंट दोन लिहिलं, की अख्खं गणित कापायच्या. उत्तर बरोबर असलं तरी शून्य."

"कोण?" मी विचारलं.

"मॅडम! आणखी कोण. आम्हाला म्हणायच्या, चार पॉइंट दोन घेऊन बाजारात जा, माझ्या वर्गात यायचं नाही. मी अजून माझ्या पोरांना तस्संच सांगते. चार पॉइंट एक आठ चार, सरी का, कळलं ना?"

मी तिला आणखी कॉफी हवी का विचारलं. ती काय म्हणाली ते मला आठवत नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

मी शाळेत असतानाचं एक वर्ष मला आठवलं. अण्णांच्या विभागात सेलची एक मोठी तुकडी चाचणीत नापास झाली होती. कुणी त्यांना दोष दिला होता की त्यांनीच घेतला होता, मला सांगता येणार नाही. पण त्यांच्या पोटात जखम झाली होती आणि ते जेवत नव्हते. ताटावर बसायचे, हात उचलायचा नाही. आई समोर बसून राहायची. एक दिवस तिनं विचारलं, "किती ज्यूल असतील हो या एवढ्याशा ताटात?" अण्णांनी न बघताच काहीतरी आकडा सांगितला. आईनं त्याच्या कॅलरी सांगितल्या, चुकीच्या. अण्णांनी मान वर केली. तिला समजावता समजावता त्यांचा हात भातात गेला, त्यांनी भात कालवला, आणि बोलता बोलता खाल्ला. मला तो प्रसंग विनोदी म्हणून आठवत होता. माझ्या डोक्यात त्याचं नाव होतं, आईला भागाकार येत नाही तो दिवस.

म्हणजे ती इतकी वर्षं रोज चुकत होती, जाणूनबुजून. वर्गात ज्या चुकीला शून्य द्यायची तीच घरी येऊन करायची, नवऱ्याला जिंकू द्यायची आणि ऐकून घ्यायची. कारण जिंकल्यावर त्याला भूक लागायची. मी आईला ओळखत होते असं मला वाटत होतं. ती ओट्याशी उभी राहून काय करत होती ते मला माहीतच नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. मला का नाही सांगितलंस, असं मी मोठ्यानं म्हटलं. पुढच्या खोलीतून ती बाई म्हणाली, "काय म्हणालात, अक्का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फुलके स्वतः करायला घेतले. अक्कांना म्हटलं, तुम्ही ताट नेऊन ठेवा. मला दारापलीकडे, तव्याशी राहायचं होतं. एवढ्या वर्षांत मुलाखतींना, प्रमोशनांना, कशालाच मी अशी घाबरले नव्हते. अण्णांचा आवाज आला. "दोन हजार शंभर."

मी फुलका उलटला आणि म्हटलं, "पाचशे."

काहीच झालं नाही. यूपीएस घरघरत होता. मी डोळे मिटले.

"पाचशे दोन!" अण्णा कडाडले. "दोन कुठे गेल्या?"

"चार पॉइंट दोननं भागलं," मी म्हटलं. "ताटाला एवढं पुरे."

"पुरे काय पुरे? चार पॉइंट एक आठ चार! चिमूटभर साखर गिळलीस तू माझी."

मग ताटाचा आवाज आला. वाटी सरकल्याचा, भात कालवल्याचा. मी दारातून डोकावले नाही. तवा जळेपर्यंत तिथेच उभी राहिले आणि रडले. अक्का आत आल्या, त्यांनी गॅस बंद केला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. त्यांना काय वाटलं ते मला ठाऊक आहे. त्यांना वाटलं, अम्मा बोलल्या.

त्या दिवसापासून अण्णा जेवायला लागले. सकाळी बाराशे साठ, आणि मी म्हणायचे तीनशे. रात्री सोळाशे ऐंशी, आणि मी म्हणायचे चारशे. प्रत्येक वेळी मी चुकायचे, ते मला झापायचे, आणि जेवायचे. घड्याळ मनगटावर पुन्हा नीट बसलं. मी घरून काम करायची परवानगी मागून घेतली. कॉलवर असले तरी एक वाजता माईक बंद करून आत जायचे, चुकायचे आणि परत यायचे.

अशाच एका कॉलवर, कुणीतरी कंटाळवाणं बोलत असताना, मी समोरच्या कागदावर अण्णांचे आकडे लिहीत बसले होते. बाराशे साठ. सोळाशे ऐंशी. दोन हजार शंभर. कधी चौदाशे सत्तर, कधी अठराशे नव्वद. मी त्यांना चार पॉइंट दोननं भागून पाहिलं. तीनशे, चारशे, पाचशे, साडेतीनशे, साडेचारशे. प्रत्येक आकडा बिनबाकी भागला जात होता. खऱ्या ताटाचा आकडा असा नेमका येत नाही. कधी दोन हजार तीस येईल, कधी दोन हजार एकशे सत्तर. ज्या माणसानं डॉक्टरसमोर पंधराशेचे सहा हजार दोनशे शहात्तर डोळ्यांची पापणी न हलवता केले, तो ताटावर मात्र आईच्या खोट्या भाजकानं सुटणारे आकडे शोधून सांगत होता. तव्याशी उभ्या असलेल्या बायकोला डोक्याला ताप न होता चुकता यावं म्हणून.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. ती मुद्दाम चुकते हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते तिला चुकायला सोपं करून देत होते. दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. सांगितलं असतं तर ते चाललंच नसतं. मी त्या घरात वाढले, त्याच टेबलाशी जेवले, आणि मला फक्त आरडाओरडा ऐकू आला. कॉलवर कुणीतरी माझं मत विचारलं. मी म्हटलं, आवाज तुटतोय, पुन्हा सांगा.

हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. उलट भीती वाढली. कारण अण्णा ते सोपे आकडे आईला देत होते, आणि घेत मी होते. त्यांनी मला "अगं" म्हणायला सुरुवात केली होती. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी बाहेर येऊन सांगितलं, "अण्णा, मी आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, हातातला घास ताटात परत ठेवला आणि हात मांडीवर घेतला. ते जेवण तिथेच संपलं, आणि रात्रीचंही झालं नाही. मी पुन्हा कधी तसं सांगितलं नाही.

मग त्यांना उत्तर दारापलीकडून पुरेना. "बस की इथे, उभी काय राहतेस," असं ते म्हणायला लागले. मी एक दिवस जाऊन आईच्या खुर्चीत बसले. लाकूड गार होतं. तिथून घर वेगळं दिसतं. अण्णांचा चेहरा बरोबर समोर येतो आणि खिडकीतला उजेड त्यांच्या डाव्या कानावर पडतो. आईनं इतकी वर्षं हे बघितलं होतं. मी "अहो" म्हणायला शिकले. पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हा मला शिसारी आली, मग सवय झाली. माझं बोलणं बदललं. वाक्याच्या आधी जीभ टाळ्याला लावून चक् करायची आईची लकब होती, ती माझ्यात कधी आली मला कळलं नाही. नवरा फोनवर एकदा बोलता बोलता गप्प झाला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, क्षणभर वाटलं आईंनीच फोन उचलला. अक्का आता त्या खुर्चीजवळून जाताना माझ्याकडे न बघता जातात. आणि मला खरं सांगायचं तर, दुपारी एकला मी त्या खुर्चीत बसते तेव्हा माझ्यात मी कितीशी असते, याची मला खात्री देता येत नाही. आकडा येतो आणि उत्तर आधीच ओठांवर असतं. ते मी शोधत नाही.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरनं वजन बघितलं, पुन्हा काट्यावर उभं करून बघितलं, आणि माझं अभिनंदन केलं. नळीची गरज नाही, म्हणाला. काय केलंत? मी म्हटलं, काही नाही, गप्पा मारत जेवतो आम्ही. अण्णांनी डॉक्टरशी हात मिळवला. मी त्यांचे हात बघितले, मोकळे, पुन्हा थोडे भरलेले. रिक्षात मी त्यांचा एक हात धरून बसले होते आणि मला इतका आनंद झाला होता की रिक्षावाल्यानं मीटरच्या वर मागितलं तरी मी वाद घातला नाही.

घरी आलो. अक्कांनी ताट वाढून ठेवलं होतं. मी खुर्चीत बसले.

"दोन हजार शंभर," अण्णा म्हणाले.

"पाचशे."

"पाचशे दोन," ते म्हणाले, पण आज झापलं नाही. आज मजेत होते. वरणभात कालवला, दोन घास खाल्ले, तिसरा उचलला आणि थांबले.

"अगं," ते म्हणाले, "पोरगी कुठे असते हल्ली?"

"कोण?" मी विचारलं.

"कोण काय? आपली. मध्ये इथे राहिली होती ना ती? समोर बसायची. मी तिच्याशी धड बोललोच नाही. मला काही सुचायचंच नाही तेव्हा. मग दिसलीच नाही. रागावून गेली असेल."

"नाही हो. रागावली नाही."

"तुला काय माहीत! फोन कर तिला. म्हणावं, अण्णा आता नीट जेवतायत. एकदा ये म्हणावं." त्यांनी आवाज खाली आणला. "तिला बघावंसं वाटतं गं फार."

घास हातात तसाच होता. ते माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. मीच ती, असं म्हटलं असतं तर तो घास ताटात परत गेला असता.

"करते फोन," मी म्हटलं. "तुम्ही जेवा आधी."